आकृती पोचते, गृहीतके वाटेत राहतात

मोटारीच्या बंपरमागे पोलादी पत्र्याच्या दोन लांब पोकळ पट्ट्या असतात. समोरून धडक बसली की त्या घड्या पडत चेपतात आणि धडकेची बरीचशी ऊर्जा स्वतःत जिरवतात. अशी एक पट्टी कारखान्यात तयार होण्याआधी संगणकावर चार-पाचदा तरी तयार झालेली असते. एका प्रणालीत तिची आकृती काढतात. दुसरी प्रणाली पत्रा साच्यात दाबला जाताना कुठे ताणला जाईल आणि कुठे फाटेल ते सांगते. तिसरी धडकेचा हिशेब करते, चौथी कंपनांचा, पाचवी वेल्डच्या थकव्याचा. या प्रणाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, वेगवेगळ्या दशकांत जन्मलेल्या आहेत, आणि त्याच पट्टीविषयी प्रत्येकीची कल्पना निराळी आहे. आकृतीच्या प्रणालीला नेमके पृष्ठभाग लागतात, धडकेच्या प्रणालीला काही मिलिमीटरांचे चौकोनी तुकडे, म्हणजे एलिमेंट, लागतात, कंपनांच्या प्रणालीचे त्याहून मोठ्या एलिमेंटांवर भागते. या प्रणालींमध्ये माहितीची देवघेव कशी व्हावी, हा प्रश्न गेली पंचेचाळीस वर्षे अभियंत्यांपुढे आहे आणि त्यावर आंतरराष्ट्रीय समित्यांनी मोठे कष्ट घेतले आहेत. त्या सगळ्या खटपटीकडे आज मागे वळून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रश्नाचा सोपा अर्धा भाग, म्हणजे आकृती बिनचूक पोचवणे, बराचसा सुटला आहे. त्या आकृतीवर कोणी, काय गृहीत धरून, कशासाठी हिशेब केला हे पोचवणे हा अवघड अर्धा भाग अजून बहुतांशी तसाच पडून आहे, आणि मोठे अपघात व मोठे खर्च याच भागातून उद्भवतात.

सुरुवात आकृतीपासून झाली. १९७० च्या दशकाअखेर अमेरिकेत आकृती काढण्याच्या, म्हणजे कॅड, प्रणालींच्या प्रत्येक विक्रेत्याचा फॉरमॅट बंदिस्त होता आणि बोइंग, जनरल इलेक्ट्रिक यांच्यासारख्या कंपन्यांना एकाच घरात अनेक प्रणाली सांभाळाव्या लागत. १९७९ मध्ये या कंपन्या आणि सरकारी संस्था एकत्र बसल्या व १९८० च्या आरंभी आयजेस हा तटस्थ फॉरमॅट प्रसिद्ध झाला. त्यातून रेषा, वक्र आणि पृष्ठभाग जात, पण हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागाला जोडलेला आहे ही माहिती बहुधा जात नसे, आणि समोरच्या अभियंत्याच्या हाती कडा न जुळलेल्या तुकड्यांचा ढीग पडे. जर्मन मोटार उद्योगाने आणि फ्रेंच विमान उद्योगाने आपापले वेगळे पर्याय काढले, म्हणजे तटस्थ म्हणवणारे फॉरमॅटही एकाचे तीन झाले. ते एका छत्राखाली आणण्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ मध्ये स्टेप या मानकाचे काम हाती घेतले. आयएसओ १०३०३ या क्रमांकाने त्याचे पहिले भाग बाहेर पडायला १९९४ उजाडले. पुढे विमान आणि मोटार या दोन उद्योगांचे वेगळे प्रोटोकॉल एकत्र करून २०१४ मध्ये एपी२४२ आला, आणि आज एका कॅडमधला घन भाग दुसऱ्यात न्यायचा असेल तर हा मार्ग पुरेसा भरवशाचा आहे. या यशात मानकाच्या मजकुराइतकाच वाटा १९९९ पासून नियमित होणाऱ्या चाचणी-फेऱ्यांचा आहे. त्यांत विक्रेते एकमेकांच्या फाइली प्रत्यक्ष उघडतात, पाठवलेल्या भागाचे आकारमान, क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्य पोचलेल्या भागाशी जुळतात का ते पाहतात, आणि न जुळल्यास आपापली प्रणाली सुधारतात. मानक छापून थांबले असते तर आज ही अवस्था आली नसती.

या गोंधळाची किंमत किती, याचा एक गंभीर अंदाज अमेरिकेच्या निस्ट या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी १९९९ मध्ये केलेल्या अभ्यासात मिळतो. केवळ अमेरिकी मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीत माहिती नीट न पोचल्यामुळे वर्षाला किमान १ अब्ज डॉलर वाया जातात, असे तो अभ्यास सांगतो. यातला मोठा हिस्सा कोणत्याही नाट्यमय चुकीचा नव्हता. आलेली फाइल उपयोगाची नाही म्हणून ती दुरुस्त करणे किंवा तोच भाग पुन्हा पहिल्यापासून काढणे, या रोजच्या कामाचा तो खर्च होता. आकडा जुना आहे आणि त्यात आकृतीच्या देवघेवीवर भर आहे, तरी त्याचा धडा सिम्युलेशनला जास्तच लागू पडतो, कारण सिम्युलेशनमध्ये आकृती हा फक्त कच्चा माल असतो.

आकृती पोचल्यावरही ती हिशेबाला तयार नसते. कॅडच्या गाभ्यातल्या भूमितीच्या प्रणाली दोन बिंदू कधी एकच मानायचे याची आपापली मर्यादा ठरवतात. एका प्रणालीत ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी असते, दुसरीत लाखाव्या भागाइतकी. पहिलीत बंद असलेली फट दुसरीत उघडी दिसते आणि एलिमेंटांची जाळी, म्हणजे मेश, तिथेच अडकते. हा तांत्रिक भाग झाला, आणि साधने तो पुष्कळसा आपोआप सुधारतात. खरे काम पुढे आहे. नाव कोरलेली अक्षरे काढायची, दोन मिलिमीटरचे छिद्र बुजवायचे, पातळ भिंतीचा मध्यपृष्ठ काढून तिला कवच मानायचे, बोल्टच्या जागी कडक दुवा टाकायचा. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या अनुभवावर आधारलेला एक अंदाज टॉमस ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला आहे. त्यानुसार आराखड्यापासून उत्तरापर्यंतच्या वेळेपैकी सुमारे ६० टक्के वेळ हिशेबाला योग्य आकृती घडवण्यात जातो, सुमारे २० टक्के मेश करण्यात आणि उरलेला सुमारे २० टक्के प्रत्यक्ष विश्लेषणात. ह्यूज यांनी २००५ पासून मांडलेली आयसोजिओमेट्रिक पद्धत कॅडच्याच पृष्ठभागांवर थेट हिशेब करू पाहते. तिचा हेतू ही दरी मुळातच मिटवण्याचा आहे. पद्धत सुंदर आहे आणि काही सॉल्व्हरांनी, म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणाऱ्या प्रणालींनी, ती घेतलीही आहे. पण मेश उद्या नाहीशी झाली तरी ते दोन मिलिमीटरचे छिद्र ठेवायचे की बुजवायचे हा निर्णय राहतोच. धडकेसाठी ते बुजवणे बरोबर असते. थकव्यासाठी तडा नेमका त्याच छिद्रापासून सुरू होतो. साठ टक्के वेळातला मोठा भाग अशा निर्णयांचा आहे, आणि फाइलमध्ये मात्र फक्त त्यांचा परिणाम जातो. धडकेसाठी साफ केलेली आकृती वेळ वाचावा म्हणून थकव्याच्या गटाला दिली, तर छिद्र बुजवले होते हे सांगणारा एकही अंक तिच्यात नसतो.

सॉल्व्हरच्या फाइलींकडे पाहिले तर हीच गोष्ट अधिक ठळक होते. नासाने १९६० च्या दशकात आपल्या केंद्रांसाठी नॅस्ट्रान ही संरचना-विश्लेषणाची प्रणाली करून घेतली आणि १९७० च्या सुमारास ती सर्वांसाठी खुली केली. तिची माहिती ८० स्तंभांच्या पंच कार्डांवर जात असे, एका कार्डावर आठ-आठ स्तंभांचे दहा रकाने. पंच कार्डे संग्रहालयात गेली, पण आठ अक्षरांचा रकाना आजही चालू आहे. विमानाच्या मापाचा एखादा निर्देशांक मिलिमीटरमध्ये लिहिला की दशांश चिन्ह धरून त्या आठ अक्षरांत जेमतेम दोन दशांश स्थळे मावतात. रुंद रकान्याची सोय आहे, पण ती आठवणीने वापरावी लागते. याहून गंभीर उणीव एककांची आहे. नॅस्ट्रान काय किंवा धडकेसाठी जगभर वापरले जाणारे एलएस-डायना काय, त्यांच्या फाइलीतल्या आकड्यांना एकक जोडलेले नसते. पोलादाची घनता कोणी टन-मिलिमीटर-सेकंदांच्या हिशेबात ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात अशी लिहितो, कोणी किलोग्रॅम-मिलिमीटर-मिलिसेकंदांच्या हिशेबात उणे सहावा घात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्यात स्ट्रेस मेगापास्कलमध्ये येतो, दुसऱ्यात गिगापास्कलमध्ये. दोन पुरवठादारांचे भाग एका मोटारीत जोडताना ही बाब माणसाने ओळखायची असते, आणि अनुभवी माणूस ती घनतेच्या आकड्यावरून ओळखतोही. पण व्यवस्थेने माणसाच्या अशा नजरेवर विसंबून राहणे ही धोक्याची गोष्ट आहे.

किती धोक्याची, ते मंगळाकडे गेलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरने दाखवले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाच्या कक्षेत शिरताना नष्ट झाले. ते मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर अंतरावरून जायचे होते. नंतरच्या हिशेबानुसार ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले. जमिनीवरचा एक प्रोग्राम थ्रस्टरांचा आवेग पाउंड-सेकंदांत लिहीत होता आणि तो वाचणारा दुसरा प्रोग्राम तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून मार्ग काढत होता. दोहोंत ४.४५ पटींचा फरक. ही कथा सहसा एककांच्या गोंधळाची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. दोन प्रोग्रामांमधल्या देवघेवीचे लेखी मानक अस्तित्वात होते आणि न्यूटन-सेकंद वापरावेत असे त्यात स्पष्ट लिहिले होते. फाइल त्या मानकाप्रमाणे आहे की नाही हे तपासणारी पायरी मात्र कुचकामी ठरली. आकड्यासोबत त्याचे एकक गेले असते आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने एकक नसलेली फाइल नाकारली असती, तर महिनोन्‌महिने साचत गेलेली ती चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

एकक ही गृहीतकांपैकी सर्वांत साधी गोष्ट. पदार्थाचा इतिहास हे त्याहून अवघड प्रकरण आहे. सुरुवातीच्या पट्टीकडे परत पाहू. साच्यात दाबताना पत्रा कोपऱ्यांशी पातळ होतो आणि ताणला गेल्यामुळे तिथे जास्त कठीणही होतो. हल्लीच्या उच्च ताकदीच्या पोलादात हा कठीणपणा मोठा असतो. धडकेच्या गटाने सर्वत्र कागदावरची जाडी आणि कोऱ्या पत्र्याचे गुणधर्म धरले, तर पट्टी प्रत्यक्षात जिथे घडी घालते तिथे ती सिम्युलेशनमध्ये घालेलच असे नाही. काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचेही तसेच. साच्यात वितळलेले प्लास्टिक ज्या दिशेने वाहते त्यानुसार तंतू रांगेत लागतात आणि भागाचा ताठपणा दिशेगणिक बदलतो. ओतकामाच्या सिम्युलेशनला ही दिशा माहीत असते. ताकदीच्या सिम्युलेशनला ती कळवावी लागते. हे काम गेली अनेक वर्षे जोडीजोडीने केलेल्या रूपांतरकांवर चालले आहे. या स्टॅम्पिंग प्रणालीतून त्या धडक प्रणालीत, या ओतकाम प्रणालीतून त्या संरचना प्रणालीत. दहा प्रणाली असतील तर एका दिशेच्या जोड्या नव्वद होतात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्यांतल्या काही मोडतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर स्काई या संस्थेच्या पुढाकाराने २०१७ ते २०२० या काळात व्हीमॅप हा प्रकल्प झाला, तो नेमका या पदार्थाच्या इतिहासासाठी. एचडीएफ५ या खुल्या साठवण-पद्धतीवर तो उभा आहे आणि मेशबरोबर एककांचे, निर्देशांक पद्धतीचे आणि पदार्थाचे वर्णन ठेवतो. मला तो या क्षेत्रातला सर्वांत योग्य दिशेचा प्रयत्न वाटतो. त्याचा प्रसार अजून मर्यादित आहे.

दोन प्रणाली एकाच वेळी चालत असतील तर काय होते, हेही पाहायला हवे, कारण इथे माहितीचा अर्थ किती निर्णायक असतो ते गणितातूनच दिसते. विमानाच्या पंखावरून वाहणाऱ्या हवेचा हिशेब बारीक जाळीवर होतो, पंखाच्या वाकण्याचा हिशेब त्यापेक्षा कितीतरी जाड जाळीवर. प्रत्येक पावलाला हवेच्या बाजूचे आकडे संरचनेच्या बाजूला न्यायचे असतात. नोडांवरची, म्हणजे जाळीच्या बिंदूंवरची, बले न्यायची असतील तर त्यांची बेरीज तंतोतंत राखली पाहिजे, नाहीतर पंखाला न लागलेले बल मिळेल किंवा लागलेले हरवेल. तापमान न्यायचे असेल तर बेरजेला काहीच अर्थ नाही; तिथे त्या त्या ठिकाणची किंमत राखायची. दोन्ही वेळी फाइलीत दिसतात ते नुसते आकड्यांचे रकाने, सारखेच. रकान्याचा अर्थ ठाऊक नसेल तर कोणता नियम लावायचा हे जगातला कोणताही रूपांतरक ठरवू शकत नाही. प्रीसाइस हे खुले साधन आणि एमपीसीसीआय हे व्यावसायिक साधन वापरकर्त्याला हा नियम स्वतः सांगायला लावतात, आणि ते योग्यच आहे. माहिती वाहून नेणारे साधन जितके प्रगल्भ, तितके ते अर्थ विचारते, असा हा अनुभव आहे.

म्हणूनच या क्षेत्रात जे दोन प्रयत्न खऱ्या अर्थाने यशस्वी झाले ते कसे झाले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिला सीजीएनएस. १९९० च्या दशकाच्या मध्यात नासा आणि बोइंग यांच्या सहकार्यातून तो उभा राहिला, केवळ द्रवगतिकीच्या हिशेबांसाठी. त्यात प्रत्येक आकड्याच्या रकान्याला त्याचे प्रमाणित नाव, एकक आणि तो मितीसह आहे की मितीविरहित हे जोडता येते. आणि कागदी मानकाबरोबर फाइल वाचणारी-लिहिणारी तयार लायब्ररी फुकट दिली गेली, त्यामुळे प्रत्येक विक्रेत्याने मानकाचा आपापला अर्थ लावण्याला आळा बसला. दुसरा एफएमआय. डाइमलरच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झालेल्या मॉडेलिसार या युरोपीय प्रकल्पातून २०१० मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, २०१४ मध्ये दुसरी, २०२२ मध्ये तिसरी. यात मेश वगैरे काही जात नाही. ब्रेकचे किंवा बॅटरीचे संपूर्ण मॉडेल एका झिप फाइलीत बंद करून दिले जाते. आत चालणारा कोड आणि एका एक्सएमएल फाइलीत प्रत्येक चलाचे नाव, दिशा, आरंभीची किंमत, आणि लिहिणाऱ्याने दिल्यास एकक. शंभराहून अधिक साधने आज हे वाचू शकतात. दोन्हींत एक साम्य आहे. दोघांनी आवाका लहान ठेवला, पण त्या लहान आवाक्यात अर्थासकट माहिती नेली. उलट उदाहरण स्टेपच्याच कुटुंबातले आहे. एपी२०९ हा प्रोटोकॉल एलिमेंट, भार, संमिश्र पदार्थांचे थर आणि निकाल हे सारे आराखड्यासह एका वर्णनात बसवतो. २००१ च्या पहिल्या आवृत्तीनंतर २०१४ मध्ये विस्तारलेली दुसरी आली, विमानांची माहिती दीर्घकाळ जपण्याच्या लोटार या उपक्रमाने तिला जवळ केले, आणि तरी रोजच्या कामात ती फार थोड्या ठिकाणी दिसते. कल्पनेत खोट नाही. एवढे व्यापक मानक पूर्णपणे राबवायला विक्रेत्याला फार खर्च येतो आणि ग्राहक तो मागत नाही.

एफएमआयचीही एक मर्यादा सांगायला हवी. बंद पेटीतले मॉडेल कोणत्या वेगापर्यंत, कोणत्या तापमानापर्यंत खरे आहे हे सांगण्याची सक्ती त्यात नाही. सिम्युलेशनच्या निकालाला नेहमीच अशी हद्द असते, आणि ती वाटेत गळून पडली की काय होते त्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचे आहे. १६ जानेवारी २००३ च्या उड्डाणात बाह्य टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी क्रेटर नावाच्या साधनाने उष्णतारोधक टाइलला किती इजा झाली असेल त्याचा हिशेब केला. ते साधन लहान तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेले होते. आदळलेला तुकडा त्यांच्याहून शेकडो पटींनी मोठा होता. परिस्थिती चाचण्यांच्या कक्षेच्या फार बाहेर आहे ही सूचना सादरीकरणात होती, पण खालच्या ओळीत, आणि शीर्षक मात्र दिलासा देणारे होते. वर जाता जाता निष्कर्ष उरला, हद्द गळाली. १ फेब्रुवारीला यान परतताना मोडले आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. खरी इजा टाइलला नव्हे, पंखाच्या पुढच्या काठावरील पॅनेलला झाली होती, हे खरे. पण ज्या बैठकींत पुढे काय करायचे ते ठरले त्यांत या हिशेबाचे वजन होते. पुढे २००८ मध्ये नासाने मॉडेल आणि सिम्युलेशनसाठी नासा-एसटीडी-७००९ हे मानक काढले. त्याप्रमाणे निकालासोबत तो किती विश्वासार्ह आहे, कशाशी ताडून पाहिला आहे आणि कुठे लागू नाही हेही द्यावे लागते. माहितीच्या देवघेवीची चर्चा करणारे लोक या मानकाचे नाव फारसे घेत नाहीत. मला ते या विषयाच्या केंद्रस्थानी असायला हवे असे वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे वेगवेगळ्या विक्रेत्यांची साधने वापरल्यामुळे होते. सर्व काही एकाच कंपनीच्या एकाच मंचावर आणले की प्रश्नच संपतो. हा आक्षेप आज जोरात आहे, कारण बाजार त्याच दिशेने चालला आहे. मार्च २०२५ मध्ये सीमेन्सने ऑल्टेअर ही सिम्युलेशन सॉफ्टवेअरची कंपनी सुमारे १० अब्ज डॉलरना घेतली आणि जुलैमध्ये सिनॉप्सिसने तशीच ॲन्सिस सुमारे ३५ अब्ज डॉलरना. एका मंचाचे फायदे खरे आहेत, आणि लहान कंपनीसाठी तोच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. पण एअरबस ए३८० आठवावे. या विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा आहेत. हॅम्बुर्गचे अभियंते कॅटिया या कॅड प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होते, तुलूजचे पाचव्या. एकच विक्रेता, एकच उत्पादन, दोन आवृत्त्या. जोडणीच्या वेळी आधीच कापून आणलेले तारांचे जुडगे बसेनात. विलंबाची कारणे अनेक होती, पण ही विसंगती त्यांतली ठळक होती. जून २००६ मध्ये विलंब जाहीर झाल्यावर मूळ कंपनीचा समभाग एका दिवसात सुमारे २६ टक्के घसरला आणि पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये, सुमारे दोन वर्षे उशिरा ग्राहकाच्या हाती पडले. शिवाय मोटार किंवा विमान एक कंपनी बनवत नाही. शेकडो पुरवठादार बनवतात आणि ते चार वेगळ्या ग्राहकांना माल देतात. त्या सर्वांना एका मंचावर आणणे कोणालाच शक्य नाही. आणि फॉरमॅट हातात असणे ही बाजारातली सत्ताही असते. १९९९ मध्ये एमएससी या कंपनीने नॅस्ट्रानच्या दोन प्रतिस्पर्धी आवृत्त्या विकणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या. ग्राहकांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली याच फॉरमॅटमध्ये असल्याने त्यांना दुसरीकडे जाणे सोपे नव्हते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हरकत घेतली, आणि २००२ च्या समझोत्यानुसार एमएससीला सॉफ्टवेअरचा मूळ कोड प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागला.

दुसरा आक्षेप गुपिताचा. मॉडेल दिले म्हणजे आपली कला दिली, असे पुरवठादाराला वाटते, आणि ते निराधार नाही. पण गृहीतके सांगणे म्हणजे कला सांगणे नव्हे. एफएमआयच्या बंद पेटीने हे सिद्ध केले आहे, आणि त्याच्याही आधी, १९९० च्या दशकात, चिप बनवणाऱ्यांनी आयबिस या पद्धतीने आतले सर्किट न दाखवता चिपच्या पायांचे विद्युत वर्तन ग्राहकाला देणे सुरू केले होते. हे मॉडेल इतक्या तापमानापर्यंत ताडून पाहिले आहे, एवढे सांगितल्याने कोणाचे पेटंट उघडे पडत नाही. तिसरा आक्षेप, की मानके सावकाश चालतात आणि नव्या पद्धतींना अडवतात. स्टेपची दहा वर्षे पाहता हा आक्षेप नाकारता येत नाही. त्याला उत्तर लहान आवाक्याची मानके हेच आहे. एफएमआय पहिल्या आवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत दोनदा मुळापासून सुधारता आले, कारण ते लहान होते.

चौथा आक्षेप नवा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता कोणतीही फाइल वाचेल, कोणतेही रूपांतर करेल, मग मानकांची गरज काय? रूपांतराचा कष्टाचा भाग ती खरोखर हलका करेल, आणि त्याचे स्वागतच आहे. पण फाइलीत जे लिहिलेलेच नाही ते वाचता येत नाही. त्याचा फक्त अंदाज करता येतो. घनतेवरून एकके ओळखणे जमेल. बुजवलेले छिद्र कुठे होते हे कुठून कळणार? दुसरे असे, की हजारो जुन्या सिम्युलेशनांवर शिकवलेली जलद मॉडेले आता उत्पादनांच्या आराखड्यात शिरत आहेत. त्या जुन्या सिम्युलेशनांपैकी कोणती कोणत्या मेशवर, कोणत्या पदार्थाच्या आकड्यांनी केली होती याची नोंद नसेल, तर शिकलेले मॉडेल त्यांचा सगळा गोंधळ एकत्र करून ठाम आवाजात परत सांगेल. या साधनांच्या काळात गृहीतकांची नोंद जास्त मोलाची होते.

बदल कोणाकडून येतो याचे उत्तर अनुभवात आहे. विक्रेते ग्राहकाने मागितल्याशिवाय मानक राबवत नाहीत, आणि ग्राहक बाहेरून दडपण आल्याशिवाय मागत नाही. युरोपात मोटारींना तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२४ पासून काही धडकांसाठी सिम्युलेशनचे निकाल स्वीकारायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर ते निकाल प्रत्यक्ष चाचणीशी ताडलेले असावेत, त्यांतल्या ऊर्जेचा हिशेब जुळावा, हिशेब लवकर व्हावा म्हणून कृत्रिमरीत्या वाढवलेले वस्तुमान मर्यादेत असावे अशा अटी घातल्या. बाहेरचा परीक्षक आला आणि गृहीतके कागदावर आली. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप लागू आहे. त्याचे गुण प्रत्यक्ष धडकेवर ठरतात. उद्या इथेही सिम्युलेशनला जागा द्यायची ठरली तर त्याच दिवशी या अटी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. जगभरच्या मोटार, ट्रॅक्टर आणि इंजिन कंपन्यांचे आकृती साफ करण्याचे, मेशिंगचे आणि धडकेच्या हिशेबांचे काम पुण्यात होते. कॅटियाची निर्माती दासो आणि सीमेन्स यांच्या सॉफ्टवेअर विकासाचा एक भागही इथेच चालतो. म्हणजे तो साठ टक्के वेळ बऱ्याच अंशी आपल्याकडचे अभियंते घालवतात आणि त्यातले निर्णय तेच घेतात. हे निर्णय आज ईमेलमध्ये, एक्सेलच्या तक्त्यात किंवा कोणाच्या तरी डोक्यात राहतात आणि तो माणूस दुसऱ्या कंपनीत गेला की संपतात. पुण्यातल्या सेवा कंपन्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या प्रकल्पाचा करार लिहिताना मेशच्या गुणवत्तेच्या निकषांशेजारी आणखी एक कलम घालावे: प्रत्येक मॉडेलसोबत त्याची एकके, आकृतीतून काय काढले आणि का, पदार्थाचे आकडे कुठून घेतले, सॉल्व्हरची आवृत्ती आणि मॉडेल कुठवर लागू आहे, हे यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात दिले जाईल, आणि ते नसलेली फाइल स्वीकारली जाणार नाही. यासाठी नव्या मानकाची वाट पाहायची गरज नाही. सीजीएनएस, व्हीमॅप आणि एफएमआय यांत या नोंदींसाठी जागा आजही आहे, आणि ज्या जुन्या फॉरमॅटांत नाही त्यांच्यासोबत एक साधी एक्सएमएल फाइल जोडता येते.